लीलाबाईच्या गिरणीतला कोंडा

आमच्या गावात पिठाच्या गिरण्या दोन. एक एसटीच्या थांब्यापाशी ज्योतिबाची, फरशीबिरशी घातलेली. दुसरी मारुतीच्या देवळामागं लीलाबाईची. ही गोष्ट लीलाबाईची.

लीलाबाई मूळची कोरेगावची. लग्न होऊन कुंडलजवळच्या आमच्या गावात आली तेव्हा नवरा तानाजी फौजेत होता. तो रिटायर होऊन आला आणि त्यानं हौसेनं गिरण टाकली. पण आयुष्यभर शिस्तीत राहिलेल्या माणसाला दळणाच्या बायकांची रांग काही सांभाळता येईना. जिचा डबा शेवटी ती आधी भांडायची. महिन्याभरात तो म्हणाला, "ह्यापरास बॉर्डर बरी व्हती," आणि उसाच्या रानात निघून गेला. तेव्हापासून गिरणीचं बटण लीलाबाईच्या हातात आलं, ते आजतागायत.

बाई अंगानं किरकोळ, जीभ मात्र जात्यापेक्षा बारीक दळणारी. खोड्यांची भारी आवड. सकाळी एखादीच्या कानात एक बिनबुडाची बातमी सोडायची आणि संध्याकाळपर्यंत ती केवढी फुगून परत येते ते बघायचं, हा तिचा नाद. एकदा तिनं "थांब्यापाशी बँक येणार म्हणत्यात" एवढंच सोडलं. दिवस मावळायच्या आत तिलाच कुणीतरी सांगितलं की बँक नव्हे, विमानतळ होणार, आणि देवळासकट गल्ली उठणार. लीलाबाईनं डोळे मोठे करून विचारलं, "आगं बया, मग मारुतीला कुठं ठेवणार?"

तर अशा ह्या बाईच्या कोपरावर एका थंडीत लाल चट्टा उठला. वर पांढरा पापुद्रा. खाजवलं की कोंडा पडायचा. गिरणीत बसणाऱ्या बाईच्या अंगावर पांढरं काही दिसलं तर कोण लक्ष देणार? ती स्वतःच म्हणायची, पीठ हाय. पण अंघोळ केली तरी ते पीठ जाईना. मग दुसरं कोपर, मग गुडघे, मग डोक्यात केसांच्या कडेनं.

ही गोष्ट सगळ्यात आधी कळली परवीनला. परवीन म्हणजे शेजारची शिवणकाम करणारी, लीलाबाईच्याच वयाची. लीलाबाईनं तिच्याकडं ब्लाउज टाकले आणि सांगितलं, "बाह्या मनगटापतुर घे."

परवीननं टेप गळ्यात टाकून तिच्याकडं बघितलं. "लीलाताई, उन्हाळा तोंडावर आलाय. फॅशन करताय का काही लपवताय?"

"फॅशन," लीलाबाई म्हणाली.

"मग दाखवा बरं फॅशन," म्हणत परवीननं तिची बाही वर केली. बघितलं, पण तोंडातून च्च काढलं नाही. एवढंच म्हणाली, "सांगलीला चामडीचे डॉक्टर बसतात सरकारी दवाखान्यात. दाखवून घ्या."

लीलाबाईनं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. औषधाच्या दुकानातून एक मलमाची ट्यूब आणली. चार दिवसांत चट्टे बसले. ती खूश झाली, ट्यूब बंद केली आणि चट्टे दुप्पट होऊन परत आले. आता बाह्या लांब असून उपयोग नव्हता, कपाळापर्यंत रेघ उतरली होती.

आणि मग गावानं औषध सांगायला सुरुवात केली.

आमच्याकडं माणसाला ताप आला तर लोक विचारतात बरं आहे का. पण कातडीवर काही उठलं की प्रत्येक जण वैद्य होतो. दळणाचा डबा ठेवायचा, लीलाबाईच्या हाताकडं बघायचं आणि सुरू करायचं. कुणी म्हणे मागच्या जन्मी साप मारला असशील. कुणी म्हणे दुधावर मासे खाल्ले असशील. कुणी शेण सांगितलं, कुणी राख, कुणी दोन्ही मिसळून. एका बाईनं तर गिरणीच्या मोटारीतलं जळकं ऑइल लावायला सांगितलं, कारण तिच्या म्हशीची खरूज त्यानं गेली होती.

"म्हस बरी हाय ना आता?" लीलाबाईनं विचारलं.

"ती गेली गं. पण खरजेनं न्हाई, म्हातारी झाली व्हती."

लीलाबाईनं बरेच दिवस ऐकून घेतलं. मग एका सकाळी देवळातले गुंडाआप्पा आले. जुने भजनी, आवाज मोठा. ते दळण घेऊन आलेच नव्हते, नुसतं औषध सांगायला आले होते. दारात उभं राहून, सगळ्या बायका ऐकतील अशा बेतानं म्हणाले, "लीले, तुझं रक्त खराब झालंय. रोज सकाळी कडुलिंबाच्या पाल्याचा रस वाटीभर घ्यायचा. निर्जळी. रक्त कसं आरशागत होतंय बग."

लीलाबाईनं गिरणीचं बटण बंद केलं. गिरणी एकदम गप्प झाली. "आप्पा, तुमी घेता?"

"मी? मला काय झालंय?"

"रक्त आरशागत झालं तर वाईट हाय व्हय? आज काढलाच हाय बगा पाला." खरंच पाटा-वरवंटा मागच्या दारी ओला होता, कारण आप्पा आदल्या दिवशी हेच औषध देवळात सांगत होते आणि ते तिच्यापर्यंत पोचलं होतं. तिनं हिरवीगार वाटी आणून आप्पांच्या पुढं धरली. "आजपासनं ह्या गिरणीचा कायदा असा, की जो औषध सांगंल त्यानं आधी ते घ्यायचं. त्यानं घेतलं की मी बी घेणार. आईच्यान घेणार."

सगळ्या बायका आप्पांच्या तोंडाकडं बघायला लागल्या. आता माघार कशी घ्यायची? आप्पांनी डोळे मिटले, विठ्ठलाचं नाव घेतलं आणि वाटी तोंडाला लावली. त्यानंतर त्यांचा चेहरा जो झाला तो मी सांगू शकत नाही. संध्याकाळच्या भजनात त्यांचा आवाजच लागला नाही. लीलाबाईनं मात्र शब्द पाळला. दुसरी वाटी एका दमात रिचवली आणि पदरानं तोंड पुसून म्हणाली, "उद्या परत या, आप्पा. रोज सांगितलंय तुमी."

आप्पा पुढं बरेच दिवस देवळाच्या मागच्या बाजूनं गेले नाहीत.

दुसरी सापडली संयोगिता. वरच्या आळीची नवी सून, मोबाईलवर व्हिडिओ बघून सगळ्यांना आहार सांगायची. ती म्हणाली, "काकी, गहू बंद करा. दूध बंद करा. साखर बंद. सगळं पोटातून असतं."

गिरणीवालीला गहू बंद करायला सांगणारी ही पहिलीच. लीलाबाईनं प्रेमानं तिचा हात धरला. "चल बाई, दोघी मिळून करू. कायदा ठावं हाय ना?"

संयोगितानं हो म्हटलं, कारण व्हिडिओत सोपं वाटलं होतं. तिच्या घरी त्याच आठवड्यात पुरणपोळी होती. लीलाबाई मुद्दाम वाटीभर गुळवणी मागायच्या निमित्तानं गेली, तर संयोगिता स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसलेली, गाल फुगलेले. "काय चाललंय गं?" "काही न्हाई काकी," असं ती म्हणाली असावी, कारण तोंडात दीड पोळी होती.

महिन्याभरात औषधं सांगणारे आटले. लीलाबाईला वाटलं, जिंकले.

पण सांगणारी माणसं गप्प बसली म्हणजे बोलायची थांबली असं थोडंच असतं? समोर बोलायची सोय राहिली नाही, मग मागं बोलायला लागली. कोंडा हा शब्द तिथं नडला. गव्हाचाही कोंडा, अंगाचाही कोंडा. कुणीतरी हसत म्हणालं असेल, लीलाबाईच्या पिठात कोंडा जास्त येतो. ते वाक्य गल्लीतून फिरून आलं तेव्हा त्यातलं हसू गळून गेलं होतं. तिच्या अंगाचा पापुद्रा पिठात पडतो, भाकरीतून लेकराबाळांना होईल, असं त्याचं झालं होतं.

एका सकाळी गिरण उघडली तर दारात तीनच डबे. त्यातला एक परवीनचा. लीलाबाईनं तिन्ही दळणं दळली, मोटार बंद केली आणि पोत्यावर बसून राहिली. बातमी कशी फुगते हे तिला नव्यानं शिकायचं नव्हतं. पण आपणच पाळलेलं कुत्रं आपल्याच पोटरीला लागेल, हे तिला सुचलं नव्हतं. तिनं कोपर इतकं खाजवलं की रक्त आलं.

परवीन डबा न्यायला आली, तिनं ते बघितलं. "उठा. साडेआठची सांगली गाडी मिळंल."

"परवीन, तुला भ्या न्हाई वाटत? माझ्या पिठाचं?"

"मी तुमचे ब्लाउज शिवते. तुमच्या अंगाचं माप माझ्याकडं हाय. व्हायचं असतं तर मला पहिलं झालं असतं. उठा आता."

सांगलीच्या दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती, लीलाबाईची लेक शोभेल एवढी. तिनं कोपरं बघितली, गुडघे बघितले, डोक्यातला भांग उकलून बघितला, नखं बघितली. सांधे दुखतात का विचारलं. मग म्हणाली, "मावशी, याला सोरायसिस म्हणतात. हे कुणाला लागत नाही. शिवून नाही, जेवून नाही, पिठातून तर नाहीच."

"मग रक्त खराब न्हाई?"

"रक्त चांगलंय. तुमची कातडी जरा घाईत आहे. नवी कातडी जेवढ्या दिवसांत तयार व्हायला पाहिजे त्याच्या कितीतरी आधी होते आणि जुनी वर साचत राहते. तोच हा पापुद्रा."

"घाई माझ्या स्वभावातच हाय," लीलाबाई म्हणाली. "जाणार कवा हे?"

डॉक्टरनं पेन उचललं. "समूळ नाही जाणार. पण आटोक्यात राहतं. नीट औषध घेतलं तर महिनोन् महिने दिसणारही नाही. थंडीत वाढतं, काळजीनं वाढतं, खाजवलं की वाढतं. येईल, जाईल. पाहुण्यासारखं समजा."

"आमच्या नणंदेगत म्हणा की," लीलाबाई म्हणाली. डॉक्टर कागदावर लिहिता लिहिता हसली.

औषधात गंमत काही नव्हती. दोन मलमं, अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच चोपडायला साधं व्हॅसलीन, डोक्याला एक पातळ औषध, आणि आठवड्यातून दोनदा सांगलीला येऊन यंत्राच्या उजेडात उभं राहायचं. बरोबर नेलेली दुकानातली जुनी ट्यूब डॉक्टरनं दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवली. "मनानं घ्यायची आणि मनानं थांबवायची, म्हणून दुप्पट झालं. ही परत आणायची नाही."

लीलाबाई घरी आली, तर ओसरीवर खरोखरची नणंद.

राहीबाई म्हणजे तानाजीची थोरली बहीण, आटपाडीला दिलेली. बाई कडक. भावाच्या घरी आली की आधी डबे उघडून बघणार, मग बोलणार. ह्या वेळी तिनं बरोबर काचेची मोठी बरणी आणली होती. आत काळंकुट्ट पाणी. झाकण उघडलं तर शेजारचं कुत्रं उठून गेलं.

"आमच्याकडच्या वैदूचा काढा हाय," राहीबाई म्हणाली. "तुझं ऐकलं म्हणून आणला. आन् हे बग, माझा टावेल येगळा ठेव, ताटली येगळी, हातरूण येगळं. राग मानू नको, पर लागायचं दुखणं हाय तुझं."

 लीलाबाईच्या डोळ्यात ती जुनी चमक आली. टॉवेल वेगळा दिला, ताटली वेगळी दिली, आणि मग नम्रपणे म्हणाली, "वन्सं, आमच्या गिरणीचा एक कायदा हाय. सांगणाऱ्यानं आधी घ्यायचं."

तिला वाटलं राहीबाई आता फणकारणार. पण राहीबाईनं पेला उचलला, काठोकाठ भरला आणि गटागटा प्यायली. वर म्हणाली, "आन् मीठ बी बंद. माझं बी, तुझं बी."

पहिल्यांदाच लीलाबाई स्वतःच्या कायद्यात अडकली. तोंडातून शब्द गेलेला. तिनं पेला ओठाला लावला, चूळ भरायला म्हणून मोरीकडं गेली आणि सगळा काढा मोरीत सोडला. दुसऱ्या दिवशी जास्वंदीच्या बुंध्यात. जास्वंदीची पानं पिवळी पडायला लागली. अळणी आमटी समोर आली की ती पदराच्या गाठीतलं मीठ हळूच सोडायची. तानाजी दोघींच्या मधे बसून अळणी जेवायचा. एकदा तो म्हणाला, "मला तर काय बी झाल्यालं न्हाई," तर दोघींनी एकदमच त्याला गप्प केलं.

राहीबाई मात्र खरंच प्यायची. सकाळ-संध्याकाळ. न चुकता, नाक दाबून. लीलाबाईला आधी हसू आलं, मग नवल वाटलं, मग संशय आला. दुसऱ्याच्या दुखण्यासाठी एवढं कोण पितं? आणि ही बाई सारखी कंबरेवरची निरी का हलवते? धुणं घरात, अंधाऱ्या खोलीत का वाळत घालते?

एका दुपारी राहीबाई अंघोळीला गेली तेव्हा तिची पिशवी खाटेवरून पडली. गोळा करताना लीलाबाईच्या हाताला ट्यूब लागली. तीच. दुकानातली. आणि एक नव्हे, पिळून चपट्या झालेल्या कितीतरी.

राहीबाई बाहेर आली, तर लीलाबाई ट्यूब हातात घेऊन बसलेली.

"वन्सं, कुठं हाय?"

राहीबाईचा कडकपणा बघता बघता उतरला. ती भिंतीला टेकून खाली बसली. "कंबरेला. परकराच्या नाडीखाली. आता खाली बी उतरलंय. वरीस झालं. कुणाला दाखवायची जागा हाय का ती? घरात सुना, जावई. काढा माझ्यासाठीच आणला व्हता बाई. तुझ्या नावानं प्याला म्हणजे कुणी इचारणार न्हाई."

लीलाबाईनं ट्यूब खाली ठेवली. मग म्हणाली, "आन् मी तो जास्वंदीला पाजत व्हते."

"म्हंजे? तू प्यालीच न्हाईस?"

"आवं वन्सं, जास्वंद मेली बगा त्यानं!"

राहीबाईला हसावं का मारावं कळेना. आधी तिनं लीलाबाईच्या दंडावर एक चापट दिली, मग हसली, आणि हसता हसताच डोळ्याला पदर लावला.

पुढच्या खेपेला दोघी सांगलीला गेल्या. डॉक्टरनं राहीबाईला पडद्याआड नेऊन तपासलं. बाहेर येऊन म्हणाली, "हा नायटा आहे, बुरशीचा. ट्यूबमुळं दबला आणि आतल्या आत पसरला. बरा होणार, पूर्ण बरा होणार. पण डाग दिसायचा थांबला तरी औषध सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्यायचं. कपडे उन्हात वाळवायचे, नाडीची जागा कोरडी ठेवायची. घरात अजून कुणाला असेल तर त्यांनाही औषध. आणि टॉवेल वेगळा ठेवा, हे लागतं."

"काय म्हणालात?" लीलाबाईनं विचारलं. तिला पहिल्याच वेळी स्पष्ट ऐकू आलं होतं.

"हे लागतं. एकाचं दुसऱ्याला होतं."

"आन् माझं?"

"तुमचं नाही लागत. सांगितलं होतं की."

लीलाबाई वळून राहीबाईकडं बघत राहिली. राहीबाई खिडकीबाहेर बघत राहिली. गाडीत बसल्यावर विट्याकडचा रस्ता सुरू होईपर्यंत लीलाबाईनं धीर धरला, मग अगदी गोड आवाजात म्हणाली, "वन्सं, बरं झालं बाई तुमी टावेल येगळा मागितला. न्हाईतर मी मेलेच असते."

"गप बस," राहीबाई म्हणाली. "लोक ऐकत्यात."

गिरणीचं सांगायचं राहिलं. झालं असं, की दोघी नणंद-भावजया आठवड्याला सांगलीला जातात आणि बऱ्या होऊन येतात, हे गावानं बघितलं. लीलाबाईची कोपरं उन्हाळ्याच्या शेवटाला साफ झाली. कशासाठी जातात, कुठं जातात, हे विचारायला बायकांना निमित्त लागतं. निमित्त म्हणजे डबा. जिला थांब्यापाशीची गिरणी जवळ पडते अशी एक बाई पायलीभर ज्वारी घेऊन उगाच देवळामागं आली. बाकीच्या जाईपर्यंत थांबली. मग मोटारीच्या आवाजात लीलाबाईच्या कानाशी लागून तिनं गळ्याखालचा डाग दाखवला. दुसऱ्या दिवशी दुसरी आली, तिच्या लेकीच्या डोक्यात रुपयाएवढी चाई पडली होती. एकीच्या गालावर वांग. एकीच्या सगळ्या घराला खरूज आणि सगळं घर ते उसाच्या पाचटाचं ओरखडणं म्हणून सांगत फिरत होतं. संयोगिता आली, तिनं गोरं व्हायचं मलम चोपडून तोंड लाल करून घेतलं होतं. पदराआड, बाहीआड, नाडीखाली, अर्ध्या गावाचं काही ना काही होतं. पिठाचं कुणी नाव काढेना. ज्यांनी बातमी फुगवली त्याच आता गिरणीचा आवाज मोठा असावा म्हणून देवाला हात जोडत होत्या.

लीलाबाई सगळं ऐकायची, पण औषध एकालाही सांगायची नाही. "मला काय कळतंय? साडेआठची गाडी धर. मी हायेच." तिला खोडी काढायचीच असली तर एवढीच, की बाई कानाशी येऊन बोलायला लागली की मधेच बटण बंद करायची. गिरणी गप्प व्हायची आणि "कुल्ल्यावर" हा शब्द देवळापर्यंत ऐकू जायचा.

राहीबाई श्रावणात आटपाडीला परत गेली. जाताना तिनं सुनांनाही डॉक्टरला दाखवायचं कबूल केलं, आणि भावाला सांगून गेली की हिच्या जेवणात मीठ जास्त असतं.

थंडी आली तसा लीलाबाईचा पाहुणाही परत आला. ह्या वेळी पाठीवर, जिथं स्वतःचा हात पोचत नाही तिथं. आता रोज सकाळी गिरण उघडायच्या आधी तानाजी मागच्या खोलीत मलम घेऊन बसतो. फौजेतला माणूस, काम मापात करतो. डावीकडून सुरू, उजवीकडं शेवट, एकही चट्टा सुटत नाही.

"दुखतंय का?" तो विचारतो.

"न्हाई. थंड लागतंय."

"खाजवलंस काल. हितं ओरखडा हाय."

"मांजरानं काढला."

"आपल्याकडं मांजर न्हाई."

लीलाबाई खांदे हलवून हसते, तो "हलू नको" म्हणून दरडावतो, आणि बाहेर दारात डबे ठेवल्याचा आवाज यायला लागतो.